करंड्याची देवीकडची बाजू

बशीरभाई मिनावाले जुनी चांदी पारखायला बसले की आधी चष्मा काढून ठेवत. लोक वस्तू डोळ्याजवळ नेतात, हे डोळे मिटून तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवत. चंद्रपुरात तटाच्या आत त्यांचं दुकान. इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आली तर एकानं पायरीवर बसायचं. चांदी कोरायची, खोबणीत रंगीत काचेची पूड भरायची आणि भट्टीत वितळवून बसवायची, हे मिन्याचं काम ते वडिलांकडून शिकले. पुढे तसं काम करून घेणारे उरले नाहीत. जोडव्यांना डाग दे, पैंजणांना घुंगरू बसव, यावर घर चाललं. पण जुना मिना कुठला, किती वर्षांचा, हे विचारायला नागपूरचे सराफसुद्धा त्यांच्याकडे माणूस धाडत.

त्यांच्या बकरीनं एकदा गिऱ्हाइकाचं जोडवं गिळलं होतं, आणि हा माणूस दोन दिवस हातात काडी घेऊन तिच्या मागं हिंडला. ती गोष्ट सुरू केली तर ही राहून जाईल. ही अठ्ठ्याण्णव सालची, दसऱ्याच्या आठ दिवस आधीची.

आमचं हिवरटोला गोंडपिपरी तालुक्यात. देवीपुढं चांदीचा एक करंडा असतो. ओंजळीत मावेल एवढा, हिरव्या-निळ्या मिन्याचा, झाकणावर समोरासमोर दोन मासे. चार पिढ्या तो चैतूच्या घराण्याकडे, कारण पुजारीपण त्यांचं. करंडा गोंड राजानं दिला, चारशे वर्षांचा आहे, हे गावात पोराटोरालाही पाठ.

त्या वर्षी जुन्या वस्तू घेणारा एक जण नागपुरातून आला. त्यानं झाकणावरची बोंडी फिरवली, तर ती आट्यांवरून सुटून हातात आली. तो हसला. म्हणाला, "हे मशीनचे आटे आहेत. चारशे वर्षांपूर्वी असा स्क्रू कुठं होता? तुमचा असली करंडा कुणीतरी केव्हाच विकला, बाबांनो."

तो गेला आणि त्याचं बोलणं गावात राहिलं. त्याच वर्षी चैतूनं घरावर नवे टिन टाकले होते. मग काय, लोकांना हिशोब जुळवायला वेळ लागतो का? पानठेल्यावर चैतू आला की गप्पा थांबायच्या. मुखरू आमच्या पंचांतला मोठा. त्यानं सांगून टाकलं, "चंद्रपूरचा मिनावाला आणा. त्यानं नकली म्हटलं तर चैतूचं पुजारीपण गेलं, अन् घर वाळीत."

मीच एसटीनं जाऊन बशीरभाईंना घेऊन आलो. रस्त्यात मी पाच-सहा गोष्टी सांगितल्या, ते एकीलाही हसले नाहीत. उतरताना म्हणाले, "गुनवंतराव, मी जे पाहीन तेच बोलीन. मंग मले दोष देऊ नका."

देवीच्या पारावर दुपारी सगळं गाव जमलं. सुपात तांदूळ, तांदळावर करंडा. असा चकचकीत, की सराफाच्या दुकानातून सकाळीच आणला असावा. लोक एकमेकांकडे पाहू लागले. बशीरभाईंनी विचारलं, "देवीचा हाये, मी हात लावू का?"

मागून कोणीतरी पुटपुटलं. मुखरूच म्हणाला, "लावा भाऊ. हात न लावता सांगता येते का?"

बशीरभाईंनी चष्मा काढला. नख एका अंगावरून फिरलं, मग दुसऱ्यावरून. पुन्हा पहिल्यावरून. कपाळाला आठी पडली. चष्मा चढवून त्यांनी झाकण उन्हात धरलं.

"हे काय हाये?" ते म्हणाले. "इकडच्या माशाचे खवले झिजले. तिकडचा मासा कालच कोरल्यासारखा. करंड्याच्या पोटावरबी तसंच. एक बाजू जुनी, एक बाजू नवी."

"म्हंजे नकली," मुखरू म्हणाला.

"मी तसं म्हटलं नाई. पण नवा माल जुना दाखवाचा तर लोक असंच एका अंगाले घासते, हे मी पाह्यलं हाये."

पारावर कुजबुज उठली. चैतू खाली मान घालून बसला होता. बशीरभाई त्याच्यापुढं उकिडवे बसले. "चैतूभाऊ, हा साफ कोन करते? कायनं करते?"

चैतू बोलेना.

"पाहा, बोलत नाई. काऊन बोलंल?" मुखरू म्हणाला. "नव्या टिनाखाली झोप चांगली लागत असन."

चैतूला मी लहानपणापासून ओळखतो, तो देवीपुढचं खोबरंसुद्धा विचारल्याशिवाय उचलत नाही. मग हा गप्प का?

तेवढ्यात बायांमधून त्याची बायको मनकर्णा उठली. पदर सावरत म्हणाली, "ते नाई बोलनार. माह्यासाठी गप हायेत. मी बोलतो."

"मनकर्णे, बस खाली," चैतू म्हणाला.

"बसतो, पन सांगून. आमच्या घरी करंडा देवीपुढून हालवत नाई. गावाकडचं जे अंग, तेच राखेनं घासते, दर मंगळवारी. देवीकडच्या अंगाले राख लावत नाई. ते देवीचं अंग. तिथं नुसतं फडकं. काळं पडलं तं पडलं. परवा म्हटलं, शहरातला मानूस पाहाले येते, काळा करंडा कसा दाखवाचा? म्हून मी अख्खा चिंचेच्या कोळानं धुतला. देवीच्या अंगाले हात लावला. दंड कराचा तं मले करा."

बशीरभाईंनी करंडा पुन्हा नखाखाली घेतला, या वेळी सावकाश.

"मुखरूभाऊ, इकडं या. बोट द्या." मुखरूचं बोट त्यांनी देवीकडच्या अंगावर टेकवलं. "सपाट लागते ना? कारागीर चांदी न् मिना एकसारखा घासून देते. आता गावाकडच्या अंगाले लावा."

"टोचते," मुखरू म्हणाला.

"मिना काच हाये, चांदी नरम. राखेनं चांदी खाली गेली, काच वर राह्यली. नकली करनारा कानशीनं घासते, तं काचेवर ओरखडे येते. इथी एकबी नाई. मंगळवारा-मंगळवारानं इतकी चांदी जाले सत्तर-ऐंशी वर्सं पाह्यजेत. चिंचेनं काळं गेलं फक्त, झीज जात नाई. करंडा बदलला नाई. याच घरच्या हातचा हाये."

मनकर्णा खाली बसली. चैतूनं डोळे पुसले. पण मुखरू हटला नाही. "मंग तो स्क्रू? चारशे वर्सांच्या करंड्याले?"

"चारशेचा नाईच हाये तो," बशीरभाई म्हणाले. "आटे मशीनचे हायेत, त्या मानसानं बरोबर ओळखलं. हिरव्या-निळ्यातून खालची चांदी दिसते, लाल कुठीच नाई, वर मासे, ते तिकडच्या नवाबाचं निशान. लखनऊकडचं काम. नव्वद वर्सं पकडा, लय तं शंभर. कोन्या मालगुजारानं आनून देवीले वाह्यला असन. राजाचं मले दिसत नाई."

एवढ्या लोकांचा राजा एका वाक्यात गेला होता. एक म्हातारा चिडून म्हणाला, "मंग चारशे वर्सं कोनं सांगतली?"

चैतूनं माझ्याकडे पाहिलं नाही, हे मला जास्त लागलं. खरं तर माझा आजा नुसतं "जुना हाये" एवढंच म्हणायचा. राजा मी घातला. एका दसऱ्याला पावणे बसले होते, गोष्ट रंगत होती, घातला. पुढच्या वर्षी चारशे वर्षं घातली. मग मलाच ते खरं वाटू लागलं, आणि त्यावरून शेजाऱ्याचं घर वाळीत पडायची पाळी आली.

मी उभा राहिलो. "म्या सांगतली," म्हटलं. "राजाबी माहाच, वर्संबी माहेच. चैतूनं काई केलं नाई."

"गुनवंता," मुखरू म्हणाला, "तुह्या तोंडाले कुलूप पाह्यजे."

काही लोक हसले, बरेचसे नाही. मुखरूनं करंडा उचलून चैतूपुढं धरला. चैतूनं हात पुढे केला नाही.

"आधी तिचं सांगा," तो म्हणाला. "तिनं देवीच्या अंगाले हात लावला. तिले दंड हाये का नाई?"

मुखरूनं वळून करंडा मनकर्णाच्या ओटीत ठेवला. "तूच ठेव बाई जागेवर," तो म्हणाला. "कोनतं अंग देवीकडं, ते तुलेच माहीत."