नरोत्तमबरोबर पहाटे पळायला: नंदुरबार ते तळोदा

"काका, बाबा ओट्याच्या खाली उतरत नाहीत," ज्योती फोनवर म्हणाली, आणि मी पिशवी भरायला घेतली.

ज्योती म्हणजे माझ्या शाळासोबती नरोत्तमची सून. तळोद्याजवळच्या एका लहान गावात नरोत्तमची शेती आहे. आम्ही दोघे एकाच बाकावर बसून कविता पाठ केल्या. पुढे मी नोकरीच्या मागे नाशिकला आलो, तो तिथेच राहिला. या माणसाने आयुष्यभर रोज पहाटे पळण्याचा नेम पाळला. गावातले लोक आधी हसले, मग त्याच्यावरून घड्याळ लावू लागले. निवृत्तीनंतर मला पळायला लावलं तेही त्यानेच. पण काचबिंदूने हळूहळू त्याची नजर नेली आणि गेल्या पावसाळ्यापासून तो घरातच बसून होता. मुलगा सुरतेला नोकरीत, पंधरवड्याने येणारा. घरात सासरा आणि सून. त्याला पुन्हा रस्त्यावर काढायचं, एवढं एकच काम डोक्यात ठेवून मी निघालो.

नाशिकहून सटाणा, साक्री करत एसटी नंदुरबारला येते. दिवस त्यातच जातो. ज्येष्ठांना अर्धं तिकीट असल्यामुळे खिशाला चिमटा बसत नाही, कंबरेला मात्र बसतो. संध्याकाळी पोचलो आणि स्टेशनजवळ सातशे रुपयांत गरम पाण्यासकट खोली घेतली. खोली ठीक. चादर स्वतःची न्यावी.

पहाटे गावाबाहेर पळायला गेलो. जानेवारीतलं नंदुरबार म्हणजे मिरची. गावाच्या कडेला मोकळ्या मैदानांवर लाल मिरची वाळत घातलेली असते, त्याला इथे पथारी म्हणतात. उजाडताना मला ती दिसली आणि मी जागीच थांबलो. आधी जमीन लाल झाली आणि मग आकाश! आमच्या कवितेच्या तासाला मास्तर 'उषा' या शब्दावर बराच वेळ रेंगाळायचे, त्याचं कारण मला सत्तरीला टेकल्यावर इथे कळलं. कडेच्या पायवाटेने मी मोठ्या खुशीत पळू लागलो. तेवढ्यात बाया मिरची उलथायला लागल्या आणि वारा नेमका माझ्या दिशेने आला. पुढची पाच मिनिटं मी वाकून खोकत होतो. डोळ्यांत पाणी, नाकात पाणी.

"ओ आबा, तोंड बांधीसन पया ना!" एक बाई ओरडली. "आम्ही काय उगाच बांधेल शे का?"

तिचे नुसते डोळे दिसत होते आणि ते हसत होते. तेव्हा नंदुरबारला पहाटे पळणाऱ्याने आधी वारा कुठून येतो ते पाहावं आणि पथारी त्या बाजूला असेल तर दुसरा रस्ता धरावा.

पोहे आणि दोन चहा घेऊन तळोद्याची बस पकडली. तापीवर पूल झाल्यापासून हे अंतर फार राहिलेलं नाही. नदी ओलांडली की ऊस, केळी, पपई सुरू होते आणि समोर सातपुड्याची निळी रेघ हळूहळू जाड होत जाते. तळोद्याच्या स्टँडवरून वीस रुपयांत शेअर रिक्षा. रिक्षात पुढे तिघे, मागे पाच आणि माझी पिशवी कुणाच्या मांडीवर होती ते मला उतरेपर्यंत कळलं नाही.

नरोत्तम ओट्यावर खाटेवर बसला होता. मी काही बोलण्याआधी रिक्षावाल्याला पैसे देताना माझा आवाज त्याने ऐकला.

"उना का नाशिककर? सुटा पैसाना झगडा करी ऱ्हायना, म्हणजे तूच."

मी जवळ बसलो. हात धरला. बारीक झाला होता.

"सकाळी जायचं ना?" मी विचारलं.

"कोठे?" तो म्हणाला. "ओट्यावरथून खाटवर, खाटवरथून ओट्यावर. हाई मन्ही रेस शे आते."

पुढे तो त्या विषयावर बोललाच नाही. ज्योतीने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. डोक्यावरचा पदर सारखा करत ती वाढत होती आणि मी तिच्याकडे पाहिलं की मान हलवत होती, बघा, मी म्हटलं नव्हतं?

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटाच निघालो. कडाक्याची थंडी, उसाच्या फडातून येणारा ओला वास, आणि डोंगराच्या वर अजून न मावळलेल्या चांदण्या. याच रस्त्याने आम्ही शाळेत पळत जायचो, हातात दप्तर, तोंडात पाठ करायची कविता. त्या नादात मी चांगली लय पकडली होती, तोच मागून जीप आली. तळोद्याहून डोंगरातल्या धडगावकडे जाणारी, आत-बाहेर-टपावर माणसं. माझ्यापुढे जाऊन ती करकचून थांबली.

"बाबा, पळू नका, थांबलो ना!" ड्रायव्हर डोकं बाहेर काढून म्हणाला.

"मला नाही यायचं, मी नुसता पळतोय."

"कुठे जायला?"

"कुठेच नाही."

 मग मागच्या फळीवरच्या दोघांनी आपसात त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी ठरवलं आणि हात पुढे करून मला सरळ वर ओढलं. म्हातारा माणूस पहाटे धापा टाकत पळतो म्हणजे त्याची गाडी चुकलेली असणार किंवा घरात काहीतरी झालेलं असणार, तिसरं कारण त्यांना पटेना. एका आजीने सरकून जागा दिली आणि आपली कोंबडी माझ्या मांडीवर ठेवली. पुढच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा मी उतरलो. भाडं द्यायला लागलो तर ड्रायव्हर घेईना. "आधी घरचं काय ते बघा, बाबा." मग तेवढंच अंतर पायी परत.

हे मी ओट्यावर बसून सांगितलं आणि नरोत्तम हसायला लागला. खाट करकरेपर्यंत हसला. ज्योती हातातलं पीठ तसंच घेऊन दारात आली.

"तुले एकलं सोडं ते तू कोंबडी लिसन धडगावले जाई बठशी," तो डोळे पुसत म्हणाला. "उद्या मी येस तुन्हासंगे."

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघे निघालो. माझ्या पंच्याचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. डोळस माणसाला वाटतं तेवढं हे सोपं नाही. रस्ता कडेला उतरता असतो, पंचा ताणला की दोघेही भलतीकडे जातात. "खड्डा", "डावीकडे", "गतिरोधक" हे दोन पावलं आधी सांगावं लागतं आणि सांगताना आपला श्वास जातो. उसाची ट्रॉली मागचा दिवा न लावता समोर उभी असते. कुत्र्यांना तर दोन म्हातारे एका कापडाने बांधलेले पाहून काय वाटलं असेल, त्यांनी गावाच्या हद्दीपर्यंत सोबत केली.

पण लय लागली ना, की सगळं विसरायला होतं. मला शाळेतली युक्ती आठवली. मास्तर भुजंगप्रयात शिकवताना टेबलावर पट्टी वाजवायचे, लगागा, लगागा. एक आखूड, दोन लांब. मी ते मोठ्याने सुरू केलं. नरोत्तमने चौथ्या पावलाला उचललं. पूर्वेला जरासं फटफटलं होतं, ते मला दिसत होतं, त्याला नाही. पण त्याचं पाऊल माझ्यापेक्षा मोकळं पडत होतं.

ओढ्यावरच्या फरशीजवळ, म्हणजे बुटक्या पुलाजवळ, त्याचा पाय अडकला. सांगायला मला उशीर झाला. पडला नाही, गुडघ्यावर टेकला, उठला आणि फरशीच्या कठड्यावर बसून राहिला.

"लागलं?"

"नही." गुडघ्याची माती झटकत म्हणाला, "तू ते परवा जाशी. मग पंचा कोन धरी?"

माझ्याकडे एकच उत्तर होतं. "घरात ज्योती आहे की. माहेरी खांडबाऱ्याला शाळेत खो-खो खेळायची, तूच सांगितलंस."

"सून शे ती. सासरासंगे सून रस्त्यावर पयस, हाई कोनी दखेल शे का?"

 या भागात सासऱ्यासमोर सून डोकं उघडं ठेवत नाही, समोरासमोर फार बोलत नाही. तिला पहाटे गावातून पळवायचं, हे सांगणारा मी कोण? परतताना आम्ही चालत आलो.

दुपारपर्यंत माझा उजवा गुडघा सुजला. पंच्याच्या ओढीने पाय वाकडा पडत होता, तो नडला. ज्योतीने मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून दिली. शेकताना तिने सहज विचारावं तसं विचारलं, "काका, पंचा किती लांब धरता?"

"हातभर."

"आणि हात वर की खाली?"

मी दाखवलं. तिने भांडी आवरायला घेतली.

चौथ्या पहाटे माझा गुडघा वाकेना. नरोत्तम तयार होऊन ओट्यावर उभा, हात पुढे केलेला. मी सांगितलं, मला आज जमत नाही. त्याने हात खाली घेतला आणि खाट चाचपायला लागला. एवढ्यात ज्योती बाहेर आली. सलवार-कमीज, पायात नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट, ओढणी डोक्यावरून घेऊन मानेमागे घट्ट गाठ मारलेली. पंच्याचं टोक तिने त्याच्या हातात दिलं.

त्याने कापड ओढून पाहिलं. बांगड्या वाजल्या.

"तू?"

"हा बाबा."

"लोके काय म्हनतीन?"

"लोके काय म्हनतीन ते मी ऐकसू. तुम्ही पया."

त्याने पंच्याचं टोक मुठीत घट्ट धरलं.  मग त्याने पायाने चाचपून पहिली पायरी शोधली.

ते दिसेनासे झाले तोवर समोरची शेजारीण झाडू घेऊन बाहेर आली. "ज्योती कोठे गई? काय जयं?"

"पळायला गेले दोघं."

तिने झाडू थांबवला. "सासरा-सून? कोन कोना मांगे?"

"बरोबर पळतायत," मी म्हटलं. तिने तोंडावर पदर धरला, हसली की रागावली ते कळलं नाही. अंगण मात्र तिने त्या दिवशी दोनदा झाडलं.

चांगलं उजाडल्यावर ते परतले. तिची ओढणी सुटली नव्हती. तो घामाने भिजला होता आणि तक्रार करत होता. "तू लगागा म्हनस, हाई पोर नुस्ती 'खड्डा' म्हनस. फरशीले पोहोचनूत तरी चांगला शब्द नही." तोंडाने तक्रार, पण चहा दोन कप प्यायला.

दुसऱ्या दिवशी निघालो. नंदुरबारला किलोभर मिरची पूड घेतली, बसमध्ये पिशवी पायाशी ठेवली आणि सटाण्यापर्यंत शिंकत आलो.

नाशिकला आल्यावर गुडघा आठवडाभराने उतरला. आता पुन्हा मैदानावर जातो. इथे सपाट माती आहे, दिवे आहेत, कुत्री ओळखीची आहेत. तिथे जायचं असेल तर दिवाळीनंतर ते होळीआधी जावं, स्वेटर आणि टॉर्च न्यावी, गुडघ्याला पट्टी बांधावी. आणि कोणी जीप थांबवली तर वाद घालू नये. मी तिथे नरोत्तमला रस्त्यावर काढायला गेलो होतो. ओट्यावरून पहिली पायरी त्याला मी नाही उतरवली, हे मला रोज पळताना आठवतं आणि त्याचं वाईट वाटत नाही.

परवा ज्योतीचा फोन आला. बाबा आता फरशीच्याही पुढे जातात म्हणाली. तिच्या नवऱ्याने सुरतेहून तिच्यासाठी बूट आणले, एक नंबर मोठे, पुढे कापूस भरून घालते. मी विचारलं, "लोक बोलतात का गं?"

"बोलतात ना काका," ती म्हणाली. "पण आम्ही पुढे गेल्यावर बोलतात. तेवढ्यात आम्ही लांब गेलेलो असतो."