माझ्या रंगाची बाटली

लेकीच्या मेकअपच्या फाउंडेशनचा वास आला की अजून लंडनचं ते दुकान आठवतं.

पहिल्या सरकारी दौऱ्यावर लंडनला गेलो, तेव्हा बायकोने, सुमनने, फाउंडेशन मागितलं होतं. तिथे मेकअपचं सामान औषधांच्या दुकानातही मिळतं; तशा दुकानात बायकांच्या घोळक्यात मी घामाघूम झालो होतो. विक्रेतीने माझ्या गोऱ्या मनगटावर थेंब लावून विचारलं, "बायको तुमच्याच रंगाची?"

सुमन सावळी. ते सांगायची मला लाज वाटली. "हो," म्हणालो. परतीच्या विमानात डोळा लागला नाही.

दिल्लीत, मुनिरक्याच्या घरी तिने ते हौसेनं गालाला लावलं, आरशात पाहिलं आणि हसली. "अहो, हा तर तुमचा रंग!"

"घाई झाली गं."

"अच्छा, म्हणजे दुकानात माझा रंगच आठवला नाही?"

"नाही," म्हणालो.

आठवला होता. तेवढंच तिला आजवर सांगितलेलं नाही.