सहा मिनिटं

मोठ्या आतड्याची दुर्बीण आत घालायला हात लागतो, बाहेर काढायला धीर लागतो. खरं पाहणं परत येतानाच होतं. प्रत्येक घडीमागे डोकवायचं, मळ असेल तर पाणी मारून धुवायचा, ओढून घ्यायचा, पुन्हा बघायचं. याला निदान सहा मिनिटं द्यायचीच. शिकाऊ डॉक्टरांना हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगत आलोय. सांगायला माझं काय जातं!

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस होता. बाहेरची बाकडी भरलेली, आणि जेवण लांबलं की माझं डोकं फिरतं. टेबलावर देवगाव रंगारीचा पन्नाशीचा शेतकरी कुशीवर झोपला होता. त्याला स्वतःला काही त्रास नव्हता. थोरला भाऊ आतड्याच्या कॅन्सरनं गेला, म्हणून हा शहाणा माणूस आपणहून तपासायला आला होता.

आदल्या दिवशी फक्त पातळ घ्यायचं आणि पोट साफ करायचं औषध प्यायचं, असं त्याला बजावलं होतं. पण आदला दिवस भाऊबीजेचा, आणि मुक्काम शहरातल्या धाकट्या बहिणीकडे.

"दोन घास खाल्ले साहेब," तो ओशाळून म्हणाला. "तिनं ओवाळलं. तिच्या घरून उपाशी कसं उठावं?"

आतड्याच्या उजव्या भागात मळाचा थर होता. नीट धुवायला हवं होतं, नाहीतर त्याला पुन्हा बोलवायला हवं होतं. मी उगाच थोडं पाणी मारलं आणि सरळ मागे आलो.

वेळ लिहिणाऱ्या सिस्टर हळूच म्हणाल्या, "सर, तीनच मिनिटं झाली."

"सहा लिहा."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं. आतडं स्वच्छ, गाठ नाही, अशा अहवालावर मी सही ठोकली. तो हात जोडून हसत घरी गेला.

दोन दिवाळ्यांनी तो परत आला तेव्हा पार पांढराफटक पडला होता. गाठ उजवीकडेच होती आणि यकृतापर्यंत पोचली होती. त्या दिवशी ती वाटाण्याएवढी असेल, दुर्बिणीतूनच काढता आली असती. जुनी फाईल काढली. त्यात सहाचा आकडा तसाच होता, खाली माझी सही.

सोबत बहीण होती. ती एकटीच माझ्या खोलीत आली.

"डॉक्टरसाहेब, खरं सांगा. तो नाय नाय म्हणत होता, मीच लई आग्रह केला. माझ्या घासांनीच घात केला ना?"

चूक माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी फाईल मिटली.

"पोट साफ नसलं की नीट दिसत नाही, ताई," मी म्हणालो.

यातला शब्द न शब्द खरा होता, म्हणून तर मला स्वतःची जास्त किळस येते. ती नुसती मान हलवत राहिली.

तो गेला. सख्खे दोन भाऊ याच आजारानं गेलेले, म्हणून वर्षभरानं तीही तपासायला आली. तिचं आतडं इतकं लख्ख मी क्वचितच कुणाचं पाहिलं असेल. मी घड्याळ लावून बारा मिनिटं पाहिलं. काही नव्हतं.

"तीन दिवस नुसत्या पाण्यावर हाय साहेब," ती म्हणाली. "म्हटलं, या खेपेला माझ्याकडनं चूक नको."

मी तिला अहवाल दिला, आणि तिनं मला वाकून नमस्कार केला.