कव्हरची गाठ

सतीश कोळंबेकर शारजाजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइप कंपनीत स्टोअर सांभाळायचा, आणि स्टोअरची नजर घरीही आणायचा. अंडी आणली की ट्रे उघडून मोजणार, लिफ्टला उशीर झाला की वर कोणी दार धरून ठेवलं होतं ते विचारणार. अशा माणसाच्या डोळ्याच्या पडद्याचं डिसेंबरात ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मार्चपर्यंत गाडी चालवायला बंदी केली. झालं. डोळा राहिला बाजूला, गाडीचाच घोर लागला.

गाडी शारजात, बिल्डिंगमागच्या वाळूच्या मोकळ्या मैदानात. त्यानं तिच्यावर राखाडी कव्हर चढवलं, पोटाखालून दोरी घेतली आणि पाइपांची जुडी बांधावी तशी करकचून गाठ मारली. किलोमीटर वहीत लिहिले. मग रोज कंपनीच्या बसमधून उतरलं की चहाआधी गाडीला एक प्रदक्षिणा.

जानेवारीत एका संध्याकाळी गाठ वेगळी दिसली. दोन फासे, आणि उरलेलं टोक दुमडून आत खोचलेलं. आत पाहिलं तर सीट पुढे सरकवलेली, काट्यावर एक्केचाळीस किलोमीटर जास्त. महिनाभर उभी असलेली गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली, हेही त्याला संशयास्पदच वाटलं.

घरी येऊन त्यानं जाहीर केलं, कोणीतरी आपली गाडी फिरवतंय. बायको मनोरमा मेथी निवडत होती. म्हणाली, वाऱ्यानं सुटली असेल गाठ. वारा गाठ सोडतो हे ठीक, पण मारतो हे सतीशनं ऐकलं नव्हतं. सतरा वर्षांच्या मिहिकानं मोबाइलमधून मान काढली नाही. "पपा, नोबडी वॉन्ट्स युवर कार."

पण सतीशचा हिशेब जुळला होता. मैदानातल्या गाड्या धुणारा कमरुद्दीन बुटका होता. शिवाय ऑक्टोबरात गाडी आतून साफ करायला किल्ली त्याच्याकडे दिली होती. डुप्लिकेट करायला किती वेळ लागतो?

सतीशनं त्याला गाठलं. कमरुद्दीननं तिसऱ्या मजल्यावरच्या सतीशच्या खिडकीकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली घातली. "हाम नहीं जानता, साब. हाम तो बाहर से पोंछता." त्यानं वर का पाहिलं? अल्लाला साक्षी ठेवत असणार. चोराचीच ही लक्षणं.

सतीशनं वॉचमन उमरकडे तक्रार केली. उमर म्हणाला, खलास, उद्या दुपारी बिल्डिंगमालकाचा माणूस येतोय, कमरुद्दीनला या मैदानातून काढून टाकू. म्हणजे त्याचं सगळं कामच गेलं. सतीश घरी अवाक्षर बोलला नाही. बेत फुटू नये.

दुसऱ्या दिवशी कंपनीत जेवायला बसून त्यानं डबा पुढे ओढला, फडकं सोडायला बोट घातलं, आणि बोट तिथंच थांबलं.

दोन फासे. टोक दुमडून आत खोचलेलं.

वीस वर्षं ही गाठ तो रोज सोडत होता, बघितली आज. त्यानं न जेवताच फोन लावला. "उमरभाई, रुको. वो नहीं है."

"फिर कौन है?"

सतीशनं पुन्हा गाठीकडे पाहिलं. "घर का आदमी है."

संध्याकाळी प्रदक्षिणा चुकवून तो थेट वर आला. रिकामा डबा ओट्यावर ठेवला, शेजारी गाठ न सोडता सरकवून काढलेलं फडकं. मनोरमानं ते पाहिलं आणि गॅस बारीक केला.

"लायसन्स कधी काढलंस?"

"नोव्हेंबरात. बॅटरी उतरू नये म्हणून काढत होते गाडी. एरवी गाठ तुमच्यासारखी मारायचे, त्या दिवशी हात सवयीनं गेला. टोलचा मेसेज तुमच्या फोनवर येतो, म्हणून दुबईकडे नाही वळवली कधी."

"सांगायचं नाही मला?"

"सांगितलं असतं तर शेजारी बसला असतात तुम्ही."

मग सतीशनं कमरुद्दीनचं सांगितलं. मनोरमानं ओढणी घेतली, किल्ली घेतली आणि त्याच्या आधी जिना उतरली.

मैदानात सतीशनं आधी चुकलेली प्रदक्षिणा घातली. शेवटी कमरुद्दीनला म्हणाला, "वो... हमारा गलती हो गया."

कमरुद्दीननं फडकं पिळलं. भाभीनं कोणाला सांगू नको म्हटलं होतं, म्हणून तो बोलला नव्हता. "भाभी अच्छा चलाता है, साब. रिव्हर्स तो आप से भी अच्छा."

शनिवारी मनोरमानं गाडी बर दुबईच्या देवळाकडे काढली. सतीश शेजारी बसून पायानं नसलेला ब्रेक दाबत होता. टोलखालून जाताच फोन वाजला. सवयीनं त्यानं मेसेज उघडला, नंबर आपल्याच गाडीचा असल्याचं दोनदा वाचलं, आणि मुकाट्यानं पट्टा आणखी आवळला.