नेहमीची हवा

परिषद या प्रकाराबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. गळ्यात नावाचा पट्टा अडकवायचा, तीन दिवस कॉफी प्यायची, आणि ज्यांना एरवी ईमेलचं उत्तर देत नाही त्यांच्याशी हसून बोलायचं. पूर्वी निदान कापडी पिशवी तरी मिळायची, हल्ली पर्यावरणाच्या नावाखाली तीही बंद झाली आहे. त्यामुळे आमचा शेजारी शैलेंद्र कंधारकर इथे आयर्लंडमध्ये, लिमरिकला आंतरराष्ट्रीय परिषद भरवणार म्हणाला, तेव्हा मी त्याला सरळ वेड्यात काढलं.

शैलेंद्र मूळचा नांदेडचा. गेली नऊ वर्षं तो जवळच शॅननच्या एका कारखान्यात नोकरी करतो. तिथे कॅथेटर आणि तत्सम वस्तू बनतात. पण त्याचा विषय त्या वस्तू नाहीत, त्या ज्यातून हॉस्पिटलात जातात ती पाकिटं आहेत. एका बाजूला प्लास्टिक, दुसऱ्या बाजूला कागद, आणि उष्णतेने चिकटवलेली कड. ही कड किती वर्षं टिकते, एवढंच तो मोजतो. कड सुटली तर जंतू आत शिरतात, म्हणजे विषय काही क्षुल्लक नाही. पण जेवताना काढण्यासारखाही नाही. त्याची बायको भार्गवी पाहुण्यांना ‘हे पॅकेजिंगमध्ये आहेत’ असं सांगते आणि लगेच आमटी वाढते.

या विषयाची युरोपात एक लहानशी संघटना आहे. तिची ऐंशीएक माणसं दर दोन वर्षांनी कुठल्या तरी शहरात जमतात. शैलेंद्रचा निबंध तिथे तीनदा निवडला गेला आणि तीनही वेळा तो जाऊ शकला नाही. पासपोर्ट भारतीय, आयर्लंडचा राहण्याचा परवाना युरोपातल्या बाकी देशांत चालत नाही, आणि व्हिसाची तारीख मिळायची ती परिषद आटोपल्यावरची. आयरिश नागरिकत्वाचा अर्ज करता आला असता, पण आपला पासपोर्ट त्याला सोडवेना. मग निबंध संघटनेतल्या, ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या हानेलोरबाई वाचायच्या. नंतर छापील वृत्तांत यायचा आणि त्यात त्याच्या नावापुढे असायचं: लेखक अनुपस्थित, प्रश्न घेतले नाहीत.

टाळ्यांचं त्याला काही नव्हतं. वर्षानुवर्षं एकट्याने मोजत बसलेल्या माणसाला कोणीतरी समोरासमोर एक प्रश्न विचारावा, एवढीच त्याची इच्छा होती. हे तो बोलून दाखवायचा आणि मला त्याची कीव यायची.

“मी तिकडे जाऊ शकत नाही ना,” तो एकदा म्हणाला, “मग परिषदेलाच इकडे आणतो.”

शहरात परिषदा आणण्याचं काम करणारं एक कार्यालय आहे. तिथल्या ओर्लाला ही कल्पना फार आवडली. तिने त्याला समजावलं की आता दोन-दोन हजार माणसांच्या जत्रांचे दिवस सरत आले, लहान शहरांत लहान आणि नेमक्या विषयाच्या परिषदा याव्यात असं सगळ्यांनाच वाटतं. शिवाय माणसं परत गेल्यावर गावात मागे काय उरणार, हेही हल्ली आधीच विचारतात. शैलेंद्रने ते सगळं लिहून दिलं. अडीच वर्षं पत्रव्यवहार झाला, संघटनेत मतदान झालं आणि जून महिन्याचे तीन दिवस लिमरिकला मिळाले.

सात आठवडे उरले असताना हॉटेलने सभागृह देऊ, पण ऐंशी खोल्या देता येणार नाहीत असं कळवलं. अख्ख्या शहरात दुसरीकडे जागा नव्हती, डब्लिनही जूनमध्ये भरलेलं. संघटनेने नम्रपणे लिहिलं की दोन आठवड्यांत सोय झाली नाही, तर परिषद मतदानात दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या शहरात जाईल. म्हणजे पुन्हा व्हिसाच्या पलीकडे.

 तिसऱ्या दिवशी शैलेंद्र वही घेऊन आमच्याकडे आला आणि तुमच्याकडे किती माणसं झोपतील असं विचारलं. त्याच्या लहानपणी नांदेडला कसलंही संमेलन भरलं की घरटी दोन पाहुणे वाटून दिले जायचे. त्यांच्या दोन खोल्यांत एकदा तीन कवी उतरले होते आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी कविता ऐकायला साफ नकार दिला होता. पण झोपायला गाद्या मिळाल्या होत्या, हे महत्त्वाचं.

ओर्लाने आधी विम्याचं विचारलं, मग स्वतःची एक खोली देऊ केली. आपल्या लोकांनी माणसं व्हेज आहेत का, बाथरूममध्ये किती वेळ घेतात, असे तपशील विचारले. कारखान्यातले आयरिश सहकारी नुसतं “ग्रँड”, म्हणजे चालेल की, म्हणाले आणि पोटमाळे झाडायला लागले. अकरा दिवसांत ब्याऐंशी खाटा झाल्या. आमच्या वाट्याला दोन डॅनिश आले. ते पोह्यांवर चीज घालून खायचे, आम्ही बघून न बघितल्यासारखं केलं.

यात एक गोम होती. खाटा अर्ध्या जिल्ह्यात विखुरलेल्या, आणि लिमरिकमध्ये गाडीशिवाय माणूस पांगळा. कोण कोणाला कधी आणणार याचं वेळापत्रक शैलेंद्रने केलं आणि पहिले दोन दिवस ते धड चाललं.

तिसऱ्या दिवशी साडेअकराला त्याचा निबंध होता. आठ वर्षांपूर्वी त्याने कमी उष्णतेवर चिकटवलेली पाकिटं ठेवून दिली होती, आता त्यांचा शेवटचा निष्कर्ष हाती आला होता: कड नियमाने लागणाऱ्या पाच वर्षांहून जास्त टिकते. वीज वाचून सगळ्या कारखान्यांना याचा फायदा होणार होता. भार्गवीने रजा घेतली होती. मीही गेलो होतो.

साडेदहाला फोन आला. जॉर्डनमधल्या अम्मानची रानिया नावाची हॉस्पिटलातली इंजिनियर अर्ध्या तासावरच्या किलालू गावापुढच्या एका शेतघरात उतरली होती. तिच्या यजमानांची गाडी सुरू होत नव्हती. बाकीचे गाडीवाले कामाला निघून गेले होते, माझी गाडी घेऊन बायको डॅनिशांना विमानतळावर सोडायला गेली होती, टॅक्सी तासाभराने मिळणार होती. एका माणसाची एक सकाळ हुकली तर आभाळ कोसळत नाही, असं भार्गवीने निक्षून सांगितलं. पण त्या बाईला व्हिसा मिळावा म्हणून शैलेंद्रनेच पाच पत्रं लिहिली होती.

“एवढ्या लांबून येऊन दाराबाहेर राहायचं म्हणजे काय, ते मला माहीत आहे,” तो म्हणाला आणि किल्ली घेऊन निघाला.

परत येताना त्याच्यापुढे गवताचे भारे लादलेला ट्रॅक्टर आला. साडेअकरा वाजले तेव्हा हानेलोरबाई मुकाट्याने उठल्या, व्यासपीठावर गेल्या आणि चौथ्यांदा त्याचा निबंध वाचायला लागल्या. भार्गवीने मान खाली घातली ती वर केलीच नाही. मला त्या ट्रॅक्टरवाल्याचा, त्या अम्मानवालीचा आणि शैलेंद्रचा, तिघांचाही सारखाच राग आला होता.

वाचून झालं, टाळ्या झाल्या. प्रश्नांसाठी आठ मिनिटं होती. बाई जागेवर परतत होत्या तेवढ्यात दार उघडून शैलेंद्र आत आला, मागून रानिया. बाईंनी त्याला हाताला धरून वर नेलं आणि कोणाला काही विचारायचं आहे का असं विचारलं. कोणी काही विचारेना. सगळे अदबीने त्याच्याकडे बघत होते.  मग मागून एक हात वर झाला. रानियाचा. पडद्यावर निष्कर्षाचं पान अजून होतंच, ते तिने उभ्या उभ्या वाचलं होतं.

“ही पाकिटं आठ वर्षं तुम्ही ठेवली कुठे?”

“आमच्याच कारखान्याच्या गोदामात. शॅननला.”

“तिथली हवा कशी असते?”

“नेहमीची,” शैलेंद्र म्हणाला.

“आमच्या गोदामात हवा इतकी कोरडी असते की कागद हातात कडकड वाजतो. तिथे ही कड टिकेल, हे तुम्ही कोणत्या मोजणीवरून म्हणता?”

 शैलेंद्र नांदेडचा माणूस. मे महिन्यात वहीचं पान दुमडलं तर मोडतं, त्या हवेत वाढलेला. पण नऊ वर्षं इथल्या झिमझिमीत राहून ओल त्याला नेहमीची वाटायला लागली होती. निबंध तीन शहरं फिरून आला, पाकिटं मात्र शॅननच्या बाहेर कधी पडली नव्हती.

“कोणत्याच नाही,” तो शेवटी म्हणाला. “बरोबर आहे तुमचं. हे इथल्या हवेपुरतंच खरं आहे.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मला वाटलं. पाच पत्रं लिहून बोलावली, स्वतः गाडी चालवत आणली, आणि तिने आठ वर्षांवर पाणी ओतलं. भार्गवी बाहेर गाडीत जाऊन रडली. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. शैलेंद्र आणि रानिया मात्र जिन्याच्या पायरीवर बसून कार्यक्रमपत्रिकेच्या मागे आकडे लिहीत होते. दोघांचंही जेवण राहिलं.

डिसेंबरमध्ये ओर्लाकडून परिषदेच्या परिणामांचा फॉर्म आला. तो भरायला त्याने मला बोलावलं. हॉटेलातल्या रात्री: शून्य. नवे करार: शून्य. नव्या नोकऱ्या: शून्य. शेवटी दीर्घकालीन परिणामाचा रकाना होता. त्यात शैलेंद्रने लिहिलं की आठ वर्षांचा निष्कर्ष अपुरा निघाला, नवी चारशे पाकिटं अम्मानच्या गोदामात ठेवली आहेत. मी म्हटलं, अरे, हे वर डब्लिनला जातं. त्याने खोडलं नाही.

आठवड्याने ओर्लाचाच फोन आला. ती अडचणीत पडली होती. हा परिणाम चांगला म्हणून धरायचा की वाईट म्हणून, तिला त्यापुढे खूण करायची होती.

“आत्ता रिकामं ठेव,” शैलेंद्रने तिला सांगितलं. “पाकिटं उघडायला अजून पाच वर्षं आहेत.”