विमानाच्या फॉर्मवर मी लिहिलेलं ‘हो’

कुणाला तरी सांगितल्याशिवाय आज चैन पडणार नाही, म्हणून इथे लिहितोय.

समुद्रपूरचे माझे शेजारी रामदासभाऊ. हृदयाच्या ऑपरेशनसाठी त्यांना चेन्नईला न्यायचं होतं. काही पायलट आपल्या सुट्टीच्या दिवशी छोट्या विमानातून पेशंटला फुकट नेतात, असं कळलं. फॉर्म मीच भरला. ‘पेशंट पूर्ण प्रवासात बसू शकतो का?’ या प्रश्नापुढे मी ‘हो’ लिहिलं. भाऊंना पाच मिनिटंही बसवत नाही, हे मला ठाऊक होतं. पण ‘नाही’ लिहिलं तर नंबर जाईल, अशी भीती वाटली.

आज सकाळी नागपूर विमानतळावर पोचलो. पायलट मॅडमनी भाऊंना खुर्चीत बसवून पाहिलं. लगेच धाप लागली. मॅडमचा चेहरा उतरला. म्हणाल्या, “विमानात डॉक्टर नाही, झोपवायला जागा नाही. वर काही झालं तर मी काय करू?”

परत येताना अ‍ॅम्ब्युलन्समध्ये सुमनवहिनी, भाऊंची बायको, रडत होत्या. “आपून गरीब आहो ना सर, म्हनून नाई नेलं तिनं. पैसेवाल्याले नाई म्हनली असती का?”

मी त्यांच्यापुढे पाण्याची बाटली धरली.

भाऊ आता पुन्हा सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती आहेत. प्रवासाचं नंतर बघू, असं डॉक्टर म्हणाले.

इथे कबूल करणं सोपं आहे, कारण वहिनी फेसबुकवर नाहीत. उद्या डबा घेऊन जाईन, तेव्हा त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? तुम्ही सांगितलं असतं?