बाईच्या तोंडचा नकार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. दोस्तांना नाही, नातेवाइकांना नाही, दोन पेग झाल्यावरसुद्धा नाही. आणि दोन पेगनंतर माणूस काय काय बोलून जातो, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी मुळातच कमी बोलणारा. नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात सुपरवायझर आहे. यंत्रांच्या आवाजात दिवस जातो, तिथं हातवाऱ्यांवर काम भागतं. लोक म्हणतात, दिनकरराव शांत माणूस. शांत कसला? एक गोष्ट दाबून ठेवायची, म्हणून बाकीच्याही दाबलेल्या.

तर सांगतो. पुण्यातल्या एका पोर्तुगीज हॉटेलात मी एका दुपारी जेवलो. एवढंच. पण ते जेवण मला पचलेलं नाही — म्हणजे पोटाला पचलं, चांगलं पचलं. तेच तर सांगायचं आहे.

आधी बाईबद्दल सांगायला हवं. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. सासर हिवरखेडचं. नवरा लवकर वारला, तेव्हा ती अकोल्याला आली आणि कॉलेजच्या पोरांसाठी खानावळ सुरू केली. माझा मुलगा अनिकेत बालवाडीत होता तेव्हा त्याची आई गेली. माझी नोकरी अमरावतीला, पाळ्यांची. बाई म्हणाली, "पोरगं इथं ठेव. पन्नास जेवतात तं एकावन्नवा जेवंन." तिनं त्याला वाढवलं. शाळा, गोवर, दहावी, सायकलीवरून पडणं, सगळं तिच्याकडे. मी शनिवारी संध्याकाळी जायचो, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. बाप म्हणून माझा हिशेब एवढाच.

तिच्या खानावळीत सगळ्या जातीची पोरं जेवली. तिनं कधी विचारलं नाही. पोरांनी सांगितलं तरी तिच्या लक्षात राहायचं नाही. लक्षात काय राहायचं, तर कोणाला तिखट चालत नाही आणि कोण भाकरीचा पापुद्रा आधी सोलून खातो.

अनिकेत पुण्याला नोकरीला लागला. एक दिवस फोनवर म्हणाला, बाबा, एक मुलगी आहे. प्रज्ञा. अमरावतीचीच. वडील जलसंपदा विभागात इंजिनिअर, आई शाळेत शिक्षिका. आणि मग थांबून — पोरगं माझंच, तेही कमी बोलतं — म्हणाला, ते बौद्ध आहेत.

मी म्हटलं, बरं. एवढंच म्हटलं, बरं.

त्यांनी दोघांनी ठरवलं की दोन्ही घरच्यांनी पुण्यात भेटायचं, रविवारी दुपारी, एका पोर्तुगीज हॉटेलात. मला वाटलं, ही काय नवीन फॅशन? पुढं कळलं, ती प्रज्ञाची युक्ती होती. तिचं म्हणणं असं, की त्यांच्या घरी भेटलो तर मी पाण्याचा ग्लास उचलतो का इकडे सगळ्यांचं लक्ष राहणार. आमच्या घरी भेटलो तर त्यांना कुठं बसवतो, इकडे. त्यापेक्षा अशा ठिकाणी जाऊ जिथलं जेवण दोन्ही घरांत कुणालाच येत नाही. सगळेच सारखे अडाणी. हुशार होती पोरगी. तिनं सगळ्याचा विचार केला होता, फक्त माझ्यासारख्या माणसाचा नाही.

अनिकेत म्हणाला, आत्यालाही आणा, पण तिला आधी तुम्हीच सांगा. मला भीती वाटते.

मी अकोल्याला गेलो आणि बाईला सांगितलं. खरं सांगू? मी तिच्या नकाराची वाट पाहत होतो. ती जुन्या वळणाची, तिला लिहितावाचता येत नाही, उपासतापास करणारी. ती नाही म्हणेल आणि माझं काम होईल, असा माझा अंदाज. ती कणीक मळत होती. मळता मळता म्हणाली, "पोरगी कमावते?" हो म्हटलं. "याच्यावर जीव हाय तिचा?" हो म्हटलं. "मंग तू काऊन तोंड पाडून बसला? कवा जाचं?"

दुसऱ्या आठवड्यात गेलो तर तिनं साडी आणून ठेवली होती. पांढरी शुभ्र, बारीक सोनेरी काठाची. मी पाहतच राहिलो. आमच्याकडे नवरीला पांढरी कोण देतो? ती म्हणाली, "त्यांच्यात नवरीले पांढरी असते. माह्या खानावळीतल्या चार पोरांच्या लग्नाले गेली नं मी. पाह्यलं हाय." आणि मग जरा लाजून, "हिरवी घेनार होती. म्हटलं, आपलं काऊन लादा?"

त्या क्षणी मी सरळ सांगायला हवं होतं, बाई, अडचण तुझी नाही, माझी आहे. नाही सांगितलं. उलट म्हटलं, पोराशी फोनवर यातलं काही बोलू नको, पुण्यात समोरच सांग.

अडचण कसली? भावकीची भीती होती, असं मी स्वतःला सांगत आलो. अंजनगावचे चुलते काय म्हणतील, लग्नाकार्यात माझ्या शेजारी कोण बसेल. तुम्हालाही हे कारण पटेल, ऐकून ऐकून सगळ्यांना पटतं. पण ते खरं नाही. चुलत्यांशी माझं बोलणं वर्षातून एकदा, तेही कुणी वारलं तर. खरं हे, की मलाच नको होतं. कारखान्यात मी सगळ्यांच्या डब्यातलं खातो, सगळ्यांच्या गळ्यात हात टाकतो. पण माझ्या घरात सून म्हणून — तिथं आतून काहीतरी आखडायचं. त्याला मी नाव देत नव्हतो. आज देतो. ती जात होती, माझी, आणि मी ती घट्ट धरून होतो.

आणि हे स्वतःच्या तोंडानं म्हणायची हिंमत नव्हती. मुलासमोर तर नाहीच. वाईट व्हायचं नव्हतं ना मला.

निघायच्या दिवशी मी बाईला फोन केला. म्हटलं, त्यांच्याकडं कोणी आजारी आहे, भेट पुढं ढकलली, मी कंपनीच्या कामानं पुण्याला चाललो. तिची पिशवी भरलेली होती. मला ठाऊक होतं, तिनंच आदल्या दिवशी सांगितलं होतं. "बरं," म्हणाली, "पोराले सांगजो, मी येतो म्हना मागून." आणि मी एकटा गेलो.

हॉटेल चांगलं होतं. भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरश्या, एका चौकटीत शिडाचं जहाज. टेबलावर सहा ताटल्या मांडलेल्या, आम्ही पाच. आत्या कुठं, असं अनिकेतनं विचारलं, तर मी म्हटलं, जेवण झाल्यावर सांगतो. प्रज्ञाच्या वडिलांनी मेन्यू उलटा-सुलटा करून पाहिला आणि पोरीला म्हणाले, "आता आमची परीक्षा घे." ती समजावून सांगत होती. पोर्तुगीज लोकांकडे मासा खारवून वाळवतात, तो फार मानाचा. वडील म्हणाले, "म्हणजे सुकट. अमरावतीत आमच्या घरी सुकट भाजली तर वरचे भाडेकरू खिडक्या लावतात. इथं तिच्यासाठी चार दिवस आधी आरक्षण करावं लागतं." मग माझ्याकडे वळून, अगदी गंभीर चेहऱ्यानं, "आणि पाहा साहेब, आरक्षणावरून इथं कोणी नाक मुरडलं नाही." त्यांच्या पत्नीनं त्यांना कोपरानं ढोसलं, "झालं सुरू यांचं." सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

मग ते भांडं आलं. तांब्याचं, शिंपल्यासारखं दोन झाकणांचं. वेटरनं मधोमध ठेवून उघडलं. वाफ, लसणाचा वास, मासे, झिंगे, बटाटे, सगळं एकत्र. प्रत्येकानं त्याच भांड्यातून वाढून घ्यायचं. प्रज्ञानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. पाहायचं नव्हतं तिला, पण पाहिलं. मी डाव उचलला, आधी तिच्या आईच्या ताटलीत वाढलं, मग स्वतःला. पोरीचा चेहरा उजळला. अनिकेतनं टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. लहानपणी तो असाच ठेवायचा, एसटीत.

मी जेवलो. दोनदा वाढून घेतलं. हात कुठं अडखळला नाही. आणि तोंड पुसून म्हणालो — काय म्हणालो, ते शब्दशः लिहितो. "मला काही अडचण नाही. पण बाईला हे मान्य नाही. ती यायलाच तयार झाली नाही."

अनिकेत म्हणाला, "आत्या? तिच्याकडे तर सगळे जेवतात, बाबा."

मी म्हटलं, "जेवणं वेगळं आणि सोयरीक वेगळी. असं ती म्हणते."

ती म्हणते. पहिलं वाक्य माझं, मनातलं, कित्येक वर्षांचं. त्याला शेपूट जोडलं, 'असं ती म्हणते'. ज्या बाईनं पांढरी साडी आणली होती तिच्या तोंडात मी माझा नकार घातला. ती तिथं असती तर हे एका वाक्यात खोटं पडलं असतं. म्हणूनच तिला अकोल्यात ठेवलं होतं. कळलं ना? ऐनवेळी जीभ घसरली असं नव्हतं. सहावी खुर्ची मी ठरवून रिकामी ठेवली होती.

प्रज्ञाच्या वडिलांनी चमचा खाली ठेवला. रागावले नाहीत. म्हणाले, "ज्या माऊलीनं पोर वाढवलं तिच्या मनाविरुद्ध माझी मुलगी त्या घरात जाणार नाही. मी लहानपणी अशा दारात उभा राहिलोय, जिथं आत या म्हणत नाहीत आणि जा असंही म्हणत नाहीत. तिला नाही उभं करणार." प्रज्ञा म्हणाली, बाबा, आपण त्यांना भेटून तर पाहू. ते म्हणाले, नाही. मग त्यांनी माझा हात हातात घेतला. "तुम्ही तरी आलात," म्हणाले. "एवढंही कोणी करत नाही."

तो हात मी सोडवून घेतला नाही. आभार स्वीकारले.

निघताना प्रज्ञानं माझ्या हातात एक छोटा डबा दिला. खारीसारख्या वाटीत अंड्याची पिवळी मलई भरलेली असते, तसली मिठाई. म्हणाली, "आत्यांना द्या. त्या रागावल्या असतील, तरी द्या."

अकोल्याला पोचेपर्यंत तिचा चुरा झाला होता. बाईनं चुरा चमच्यानं खाल्ला. "कोनं देल्लं?" मी म्हटलं, मीच घेतलं. आणि मग तिला दुसरं मोठं खोटं, कारण हॉटेलातल्या खोट्याला त्याची गरज होती. म्हटलं, त्यांचं आजारी माणूस सावरलं, भेट झाली तिथं, पण पोरीकडच्यांनीच नाही म्हटलं. त्यांना आपलं घर नको.

मला वाटलं, ती चिडेल. दोन शब्द वाकडे बोलेल, आणि मला जरा बरं वाटेल. ती चमचा चाटत बसली. मग म्हणाली, "त्यांचंही बराबर हाय रे. आपल्या लोकाइचा भरोसा कसा वाटंन त्याइले?"

साडी तिनं पेटीत टाकली. "पांढरीच हाय. माह्याच कामी येईन."

प्रज्ञाचं पुढं दुसरीकडे लग्न झालं. अनिकेतनं केलं नाही. पण खरी गोष्ट ही नाही. खरी गोष्ट ही, की जो मुलगा रोज संध्याकाळी आत्याला फोन करायचा, त्याचा फोन सणावारांवर आला. तो तिच्याशी भांडला नाही, त्याला मी सांगून ठेवलं होतं, तिच्यापुढं विषय काढू नको, तिला त्रास होईल. तिलाही तेच, त्याला त्रास होईल. किती काळजी घेणारा भाऊ! त्या काळजीमुळे दोघं एकमेकांशी ते बोलले नाहीत आणि मी सुरक्षित राहिलो. ती मात्र समजत राहिली, पोरगं पुण्याचं झालं.

मागच्या दिवाळीत अनिकेत अकोल्याला आला, एका दुपारपुरता. बाई ती पांढरी साडी नेसली होती. त्यानं पाहिली आणि जेवायला बसला. त्याला काय ठाऊक? तिनं त्याच्या आवडीचा पाटवड्यांचा रस्सा केला होता. त्यानं दोन घास खाल्ले आणि भूक नाही म्हणून उठला. तो गेल्यावर तिनं त्याचं ताट पुढं ओढलं आणि त्यातलंच खाऊ लागली. खाता खाता, माझ्याकडे न पाहता, म्हणाली, "दिनू, माह्यं काई चुकलं का रे?"

मी म्हटलं, "नाई बाई. त्याले काम असते."

हे तिला सांगितलेलं तिसरं.

या रविवारी मी अनिकेतला अकोल्याला बोलावलं आहे. त्याला कारण सांगितलं नाही. बाईला म्हटलं, तिघांचा स्वयंपाक कर. ती साडी नेसू नको, पेटीतून काढून बाहेर ठेव, असंही म्हटलं. काऊन, म्हणाली. मी गप्प राहिलो. पण हे शेवटचं गप्प राहणं.

हे लिहिलेलं तिला वाचता येणार नाही. बरंच आहे. म्हणजे तोंडानं सांगावं लागेल, तिच्याच बोलीत, दोघांच्या मधे बसून. ते ऐकून दोघं माझ्याकडे पाहतील की एकमेकांकडे, मला माहीत नाही. त्यानंतर माझ्यासाठी तिथं ताट असेल की नसेल, ते त्या दोघांचं.

वाक्य तयार आहे. कारखान्यात यंत्रांच्या आवाजात रोज म्हणून पाहतो. बाई, 'नाई' तू नव्हतं म्हटलं. म्या म्हटलं होतं.